विश्लेषण : ५० हजारांत कॅमेरा घेताना आधी बॉडी की आधी लेन्स?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. हळद, साखरपुडा, बारसे, प्री-वेडिंग शूट अशा कामांवर कमाई करू पाहणाऱ्या विरार पूर्वेच्या चंदनसारमधील तरुणासमोर तेव्हा एकच प्रश्न असतो, ‘हातात ५० हजार आहेत, कोणता कॅमेरा घेऊ?’ उत्तर बहुतेक वेळा एखाद्या मॉडेलच्या नावाने मिळते आणि पाठोपाठ हप्त्याचा कागद येतो. घरातली पहिली कमाई किंवा पहिले कर्ज या खरेदीत गुंतणार असेल, तर मॉडेल ठरवण्याआधी थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. तो कसा करायचा, पैसे कशावर घालायचे आणि जुना कॅमेरा घेताना काय तपासायचे, याविषयी…

मॉडेलच्या आधी काम का ठरवावे?

रात्रीच्या हळदीत मंडपातला प्रकाश कमी असतो, दिवे रंगीत असतात आणि माणसे नाचत असतात. तिथे कमी प्रकाशात चालणारी लेन्स आणि फ्लॅश लागतो. अर्नाळा किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर दिवसा होणाऱ्या प्री-वेडिंग शूटला साधी लेन्सही पुरते. घरगुती मसाले किंवा दागिने विकणाऱ्यांच्या वस्तूंचे फोटो काढायचे असतील तर ट्रायपॉड आणि दोन दिवे हवेत. महागड्या बॉडीने तिथे फारसा फरक पडत नाही. तुंगारेश्वरच्या जंगलात पक्षी टिपायचे असतील, तर किमान ३०० मिमीची लांब लेन्स लागते आणि बजेटचा मोठा भाग तीच घेते.

काम केवळ दिवसाच्या उजेडातले रील्स असेल, तर चांगला स्मार्टफोनही पुरतो. इन्स्टाग्राम रीलचा आकार १०८० बाय १९२० पिक्सेल, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल असतो. अशा वेळी आधी माइक आणि एक दिवा घ्यावा, कॅमेरा नंतर. ‘सगळ्याच कामांना चालेल असा’ कॅमेरा ५० हजारांत शोधणे म्हणजे कोणत्याच कामाला पुरेसा नसलेला कॅमेरा घेणे होय. येत्या सहा महिन्यांत पैसे कोणत्या एका कामातून येणार आहेत, हे आधी कागदावर लिहावे.

लेन्सवर अधिक पैसे का घालावेत?

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सचे तोंड झूम केल्यावर जास्तीत जास्त एफ/५.६ इतके उघडते. ५० मिमी एफ/१.८ ही साधी लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. एफ क्रमांक जितका लहान तितका प्रकाश अधिक आणि हे प्रमाण वर्गाच्या पटीत बदलते. ५.६ ला १.८ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला की उत्तर ९.७ येते. म्हणजे जवळपास दहापट प्रकाश.

हळदीच्या मंडपात किट लेन्सला एका फोटोसाठी १/२० सेकंद लागत असेल, तर तिथेच एफ/१.८ ची लेन्स १/२०० सेकंदात काम करते. १/२० सेकंदात नाचणारा हात पुसट होतो, १/२०० मध्ये तो बऱ्यापैकी स्थिर दिसतो. बॉडीची नवी पिढी घेऊन हा फरक भरून काढायचा तर कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात.

दुसरे कारण घसरणाऱ्या किमतीचे. बॉडी हा संगणकच असतो. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो. चांगली लेन्स मात्र त्याच माउंटच्या पुढच्या बॉडीवरही चालते आणि विकताना त्यामानाने बरा भाव मिळतो.

५० मिमी सर्वांनाच योग्य आहे का?

नाही. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा ‘एपीएस-सी’ आकाराचा सेन्सर असतो. निकॉन आणि सोनीमध्ये त्याची लांब बाजू सुमारे २३.५ मिमी असते, कॅननमध्ये थोडी कमी. अशा कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावून दहा फुटांवरून फोटो काढला, तर फोटोच्या लांब बाजूत जेमतेम साडेचार फुटांचा भाग मावतो. म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी उभा माणूस पायापासून डोक्यापर्यंत बसत नाही. चाळीतल्या किंवा वन-रूम-किचनच्या घरात बारसे असेल, तर मागे सरकायला जागा नसते आणि ही लेन्स अडचणीची ठरते.

तिथे ३५ मिमी लेन्समध्ये त्याच अंतरावरून साधारण साडेसहा फूट मावतात, १८ मिमीवर जवळपास तेरा फूट. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ किंवा कॅननची २४ मिमी एफ/२.८ अशा लहान लेन्स घरगुती समारंभांसाठी म्हणूनच उपयोगी पडतात. पोर्ट्रेट आणि हॉलमधल्या कार्यक्रमांना मात्र ५० मिमी चांगली. घेण्याआधी किट लेन्स आधी ३५ वर आणि मग ५० वर ठेवून आठवडाभर फोटो काढावेत. आपल्याला कोणती लागते ते फुकटात कळते.

मेगापिक्सेल आणि फुल फ्रेम किती गरजेचे?

लग्नाच्या १२ बाय ३६ इंची अल्बमचे एक पान १२ बाय १८ इंचांचे असते. ३०० डीपीआयने त्यावर पूर्ण पानभर एकच फोटो छापायचा तर सुमारे १९.५ मेगापिक्सेल लागतात. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० सारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांतही २४ मेगापिक्सेल असतात. त्यामुळे केवळ मेगापिक्सेलच्या आकड्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण उरत नाही.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो. त्याचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या दुपटीहून अधिक असल्याने अंधारात फोटो स्वच्छ येतो, हे खरे. पण त्याला साजेशा लेन्सही महाग आणि जड असतात. फुल फ्रेम बॉडी घेऊन तिच्यावर मिळेल ती स्वस्त लेन्स लावण्यापेक्षा एपीएस-सी बॉडी आणि एफ/२.८ ची झूम लेन्स ही जोडी लग्नाच्या कामाला अधिक उपयोगी ठरते. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १७-५० मिमी एफ/२.८ लेन्स याच कामासाठी वर्षानुवर्षे वापरल्या जात आहेत.

डीएसएलआर घ्यावा की मिररलेस?

‘सिपा’ या जपानी कॅमेरा उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये कंपन्यांनी बाजारात पाठवलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांची संख्या डीएसएलआरच्या पुढे गेली. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये अनुक्रमे आरएफ आणि झेड हे नवे माउंट आणले आणि त्यानंतर नव्या लेन्सचा भर तिकडेच वळला. याचा अर्थ डीएसएलआरला यापुढे फारसे नवे काही मिळणार नाही. मात्र वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स त्यामुळेच स्वस्त मिळू लागल्या आहेत.

फोटो हेच मुख्य काम असेल आणि बजेट खरोखरच तोकडे असेल, तर वापरलेला डीएसएलआर हा आजही फायद्याचा सौदा आहे. व्हिडीओ आणि रील्स हे मुख्य काम असेल, तर मिररलेसचे ऑटोफोकस आणि हलका आकार यांचा खरा उपयोग होतो. एक सावधगिरी मात्र हवी. कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ पासून येऊ लागल्या. सोनीच्या ई माउंटला (२०१०) अशा लेन्सचे पर्याय आधीपासून भरपूर आहेत. बॉडीची किंमत पाहताना पुढच्या दोन लेन्सच्या किमतीही त्याच वेळी पाहाव्यात.

माउंटमध्ये फसगत कुठे होते?

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांवर जुनी ‘एएफ-डी’ लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. ‘एएफ-एस’ लेन्समध्ये मोटर असते, त्यामुळे ती चालते. ‘एएफ-पी’ लेन्स काही जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून घेतलेली लेन्स इथेच महाग पडते.

कॅननच्या ‘ईएफ’ लेन्स एपीएस-सी आणि फुल फ्रेम दोन्ही डीएसएलआरवर चालतात. ‘ईएफ-एस’ लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. या दोन्ही लेन्स अॅडॉप्टर लावून नव्या आरएफ मिररलेसवर उत्तम चालतात. निकॉनचा एफटीझेड अॅडॉप्टर एएफ-एस लेन्सना ऑटोफोकस देतो, एएफ-डी लेन्सना देत नाही. लेन्सवर छापलेली ही दोन-तीन अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापरलेली बॉडी कशी तपासावी?

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार हा कॅमेऱ्याची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती यांसाठी जुना, माहितीचा भाग आहे. विरारहून चर्चगेट लोकलने जाऊन तिथून चालत पोहोचता येते. ऑनलाइन जाहिरातीतला भाव खरा की फसवा, हे समजण्यासाठी तरी तिथे एक चक्कर मारावी. दोन-तीन दुकानांत त्याच मॉडेलचा भाव विचारला की अंदाज येतो.

बॉडी हातात आल्यावर पहिला प्रश्न शटर काउंटचा, म्हणजे शटर किती वेळा चालले आहे याचा. सुरुवातीच्या मॉडेलचे शटर साधारण एक लाख वेळा चालेल, असे गृहीत धरले जाते. निकॉन डी७२०० किंवा कॅनन ५डी मार्क ३ सारख्या वरच्या मॉडेलसाठी हा आकडा दीड लाख आहे. हा काही हमीचा आकडा नाही, पण ९० हजार क्लिक झालेला सुरुवातीचा कॅमेरा ‘नव्यासारखा’ म्हणून घेणे चूक आहे. निकॉनमध्ये हा आकडा मूळ फोटोच्या ‘एक्झिफ’ माहितीत मिळतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये मात्र कॅमेरा संगणकाला जोडून तो पाहावा लागतो. विक्रेत्याकडून फोटो व्हॉट्सअॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. साधा फोटो पाठवला की ही माहिती पुसली जाते.

त्यानंतर एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहावेत. लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढावा. रंगीत ठिपके दिसले तर सेन्सरचे पिक्सेल बिघडलेले आहेत. कार्डचा कप्पा, फ्लॅशची जागा, चार्जिंग आणि प्रत्येक बटण स्वतः वापरून पाहावे. स्क्रूचे माथे घासलेले दिसले, तर कॅमेरा आधी उघडलेला आहे. किनाऱ्यावर वापरलेल्या कॅमेऱ्यात खालच्या स्क्रूला गंज किंवा झूमची रिंग फिरवताना वाळूची करकर असेल, तर तो सौदा सोडावा.

लेन्समधली बुरशी का महत्त्वाची?

वसई-विरारच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने प्रचंड दमटपणा असतो. बंद कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते. ती वरून पुसता येत नाही आणि वाढत गेली तर काचेवरचा लेप कायमचा खराब करते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. लेन्स बॉडीवरून काढावी, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरावा आणि पुढून तिरके पाहावे. धुळीचे एखाद-दुसरे कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. पूर्ण काचेवर धुरकट थर दिसला तरी फोटोतला ठसठशीतपणा जातो. छिद्राच्या पात्यांवर तेल असेल, तर पाती अडकतात.

घरात ठेवण्यासाठी महागडे ड्राय कॅबिनेट घ्यायलाच हवे असे नाही. रबरी पट्टीचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते.

बिल आणि व्यवहारात काय पाहावे?

डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. नवा कॅमेरा ‘बिलाशिवाय स्वस्त’ मिळत असेल, तर ती सूट बहुधा या करातून आणि कंपनीच्या भारतातील वॉरंटीतून कापलेली असते. अशा मालाच्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च स्वतःच सोसावा लागतो.

वापरलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत मूळ बिल, खोका आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळवावा. चोरीला गेलेला मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून देशभर बंद करता येतो. कॅमेऱ्याला तशी सोय नाही. त्यामुळे चोरीचा कॅमेरा सहज विकला जातो. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. बिल नसेल, तर निदान विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सिरियल नंबर लिहिलेली सही केलेली पावती घ्यावी.

‘मी सैन्यात आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा, कॅमेरा कुरिअरने येईल’ ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. वस्तू हातात घेऊन तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. आपला जुना कॅमेरा विकतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

हप्त्यावर घ्यावा का?

६० हजारांचा कॅमेरा वार्षिक १६ टक्के व्याजाने २४ महिन्यांच्या हप्त्यावर घेतला, तर महिन्याला सुमारे २,९४० रुपये भरावे लागतात आणि एकूण रक्कम ७० हजारांच्या थोडी वर जाते. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्येही व्याज नाहीसे होत नाही, ते किमतीतल्या सवलतीतून वळते केले जाते आणि प्रक्रिया शुल्क तसेच व्याजावरचा जीएसटी वेगळा लागू शकतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते.

लग्नसराईत काम असते, पावसाळ्यात ते आटते. हप्ता मात्र बारा महिने चालू राहतो. म्हणून वर्षातल्या सर्वांत मंद महिन्याची कमाई धरूनच हप्त्याचा निर्णय घ्यावा. ज्या लेन्सची गरज वर्षातून सात-आठ दिवसच लागते, उदाहरणार्थ ७०-२०० मिमी एफ/२.८, ती भाड्याने घ्यावी आणि भाडे ग्राहकाच्या कोटेशनमध्ये धरावे.

५० हजारांची मांडणी कशी असावी?

समारंभांच्या फोटोंसाठी ढोबळ मांडणी अशी करता येईल. वापरलेली बॉडी आणि किट लेन्स २५ हजार, एफ/१.८ ची एक लेन्स १० हजार, फ्लॅश व रिचार्जेबल सेल ५ हजार, दोन मेमरी कार्डे ३ हजार, जादा बॅटरी दीड हजार, पिशवी, डबा व सिलिका जेल अडीच हजार आणि सर्व्हिसिंगसाठी राखीव ३ हजार. बाजारभावाप्रमाणे आकडे बदलतील. प्रमाण शक्यतो मोडू नये. बॉडीने निम्म्याहून अधिक पैसे खाल्ले की बॅटरी, कार्ड आणि फ्लॅश उधारीवर येतात.

छताकडे वळवलेला फ्लॅश पांढऱ्या छताच्या खोलीत जे काम करतो, ते महाग बॉडीलाही जमत नाही. मंडपात दिवे लुकलुकून फोटोत पट्टे येत असतील, तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून पाहावे, कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. स्वस्त मेमरी कार्ड बनावट असू शकते. कामावर नेण्याआधी ते पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून पाहावे. लग्न परत लागत नाही, त्यामुळे एकाच कार्डावर अख्खा दिवस सोपवू नये.

पुढचा मार्ग काय?

कर्ज काढून कॅमेरा घेण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला. पण त्यांनी केवळ कॅमेरा आणला नव्हता. फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि प्रिंट काढण्याचे यंत्रही आणले होते. पूर्ण कामाला काय लागते याचा हिशेब त्यामागे होता. मटाराच्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म करून दाखवली आणि मगच मोठे भांडवल उभे राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तो ३ मे १९१३ रोजी.

आजच्या नवशिक्यालाही हाच क्रम लागू आहे. आधी एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराबरोबर दोन-तीन लग्नांत मदतनीस म्हणून उभे राहावे, भाड्याच्या कॅमेऱ्यावर दोन कामे करून पाहावीत, त्या फोटोंत नेमके काय कमी पडते ते ओळखावे आणि तेवढेच विकत घ्यावे. प्रकाश कमी पडत असेल तर लेन्स किंवा फ्लॅश, जागा कमी पडत असेल तर रुंद कोनाची लेन्स. बॉडी बदलण्याची वेळ येते ती सर्वांत शेवटी आणि तोवर तिचे पैसे कामातूनच आलेले असतात.